भरीत गॅसवरचं की काड्यांवरचं? अ‍ॅकॉस्टिक गिटारच्या पिकअपची पारख

अ‍ॅकॉस्टिक गिटार खोलीत वाजते तेव्हा आवाज एकाच जागेहून येत नाही. वरची पाटी हलते, पोटातली हवा साउंडहोलमधून आत-बाहेर होते, पाठ आणि बाजू थोडी साथ देतात, आणि हे सगळं मिसळून दोन-तीन फुटांवरच्या कानात पडतं. पिकअप, म्हणजे गिटारची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा सेन्सर, यातला एकच तुकडा उचलतो. कुठला तुकडा उचलतो, त्यावर त्याचा सगळा स्वभाव ठरतो. म्हणून ‘सगळ्यात नैसर्गिक पिकअप कुठला’ या प्रश्नाला जोड हवी: कुठे वाजवायचं, किती मोठ्यानं आणि कशात लावून.

खान्देशात ही जोड फार वेगवेगळी निघते. देवळातल्या भजनाला गिटार असते तिथे ढोलकी आणि टाळ शेजारी, अ‍ॅम्प्लिफायर मंडळाचा. लग्नातल्या ऑर्केस्ट्रात मागे ऑक्टोपॅड, बाजूला मांडवाचे भलेमोठे स्पीकर आणि जनरेटरची वीज. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मिक्सर बरा असतो, पण साऊंडवाल्याचं लक्ष गायकाकडे. अहिराणी गाण्यांचं यूट्यूबसाठी रेकॉर्डिंग करायचं तर ती चौथीच गोष्ट, आणि तिथे पिकअप लावूच नका. साधा कंडेन्सर माईक बाराव्या फ्रेटकडे रोखून २० ते ३० सेंटिमीटरवर ठेवला, पंखा बंद केला, की कुठल्याही पिकअपपेक्षा खरा आवाज येतो.

दुकानात ‘पिकअपवाली गिटार’ म्हणून जी मिळते तिच्यात बहुतेक वेळा सॅडलखालचा पिझो असतो. ब्रिज म्हणजे पाटीवर चिकटवलेला, तारा अडकवायचा लाकडी तुकडा, आणि सॅडल म्हणजे त्याच्यावरची ती पांढरी पट्टी, जिच्यावर तारा टेकतात. तिच्या खाचेत, तिच्याखाली पिझोची बारीक पट्टी सरकवलेली असते. तारेचा दाब बदलला की पट्टीत विद्युतदाब तयार होतो. फायदे खरे आहेत: आवाज स्पष्ट, प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, आणि मोठ्या आवाजातही शिट्टी (स्पीकरचा आवाज परत पिकअपमध्ये शिरून होणारा फीडबॅक) लवकर वाजत नाही. तोटा एकच, पण तो कानाला लगेच लागतो. जोरात झोडपलं की प्रत्येक फटका ‘क्वॅक’ करत बदकासारखा येतो, टणक आणि प्लास्टिकचा. वांगं तेच, पण भरीत गॅसवर भाजलेलं. कपाशीच्या काड्यांचा धूर त्यात नाही. कारण सरळ आहे. ही पट्टी तारेचा दाब ऐकते, पाटीचं हलणं आणि पोटातली हवा तिच्यापर्यंत फारशी पोहोचतच नाही.

या प्रकारात फिशमन मॅट्रिक्स इन्फिनिटी आणि एल. आर. बॅग्ज एलिमेंट ही दोन नावं विश्वासाची. मॅट्रिक्सचा आवाज जास्त धारदार, मिक्समधून कापत जाणारा. एलिमेंट थोडा मऊ, त्यामुळे बोटांनी वाजवणाऱ्याला तो आधी आवडतो. ऑर्केस्ट्रासाठी मॅट्रिक्स, भजन-भावगीतासाठी एलिमेंट. पण खरं सांगायचं तर या दोघांतल्या फरकापेक्षा चांगल्या आणि वाईट बसवणीतला फरक कितीतरी मोठा असतो, म्हणून बसवणीवर थोडं थांबू.

आधी खाचेची रुंदी वर्निअरनं मोजा. ती साधारण २.४ किंवा ३.२ मिलिमीटर निघते, आणि पट्टी त्याच मापाची मागवावी लागते. मग खाचेचा तळ बघा. कारखान्यातल्या स्वस्त ब्रिजमध्ये तळ मधे फुगलेला किंवा टोकांना चढलेला असतो. स्टीलची पातळ पट्टी उभी धरून मागून टॉर्च मारला की उजेड कुठून येतो ते दिसतं. सॅडलचा खालचा भागही तितकाच सपाट हवा: काचेवर ३२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, सॅडल गुण्याला टेकवून घासा, हातात धरून घासलं की कडा गोल होतात. तळ आणि सॅडल यांत कागदाएवढी फट राहिली तरी तिच्या वरची तार बारीक वाजते. ‘तिसरी तार येतच नाही’ ही तक्रार दहात नऊ वेळा पिकअपची नसून या फटीची असते.

सॅडल खाचेत किती घट्ट? बोटांनी ओढून निघावा, पण गिटार उलटी केली की स्वतःहून पडू नये. फार घट्ट असेल तर दाब पट्टीपर्यंत उतरत नाही. सैल असेल तर सॅडल तारांच्या ओढीनं पुढे झुकतो आणि पट्टीची एकच कड दबते. पट्टीची जाडी साधारण १ मिलिमीटर धरली तर सॅडल तेवढा वर येतो आणि बाराव्या फ्रेटवर तारेची उंची त्याच्या निम्मी, म्हणजे अर्धा मिलिमीटर वाढते. तेवढं सॅडलच्या तळातून घासून काढायचं, वरून नाही. वरचा आकार सूर जुळवण्यासाठी कापलेला असतो. सगळं झाल्यावर बाराव्या फ्रेटवर सहावी तार २.५ आणि पहिली २ मिलिमीटरच्या आसपास असली की हाताला बरं. वायरीसाठी खाचेच्या टोकाला छिद्र पाडताना आतली ब्रेस (पाटीला आधार देणारी लाकडी पट्टी) कुठून जाते ते आधी आरशानं बघा, आणि छिद्राची कड पॉलिश पेपरनं गोल करा, नाहीतर पट्टी तिथेच वळते आणि काही महिन्यांत तिथेच तुटते.

आता तो काळा डबा. स्वस्त गिटारच्या बाजूला बसवलेला, चार पट्ट्यांचा इक्वलायझर आणि ट्यूनर असलेला. त्यावर बहुतेक वेळा ‘ईक्यू-७५४५आर’ असं छापलेलं असतं. साध्या गिटारला हा डबा बसवून घ्यायची पद्धत सर्रास आहे. त्यासाठी गिटारच्या बाजूला पत्त्याच्या कॅटएवढी खिडकी कापतात. हे करू नका. कापलेलं लाकूड परत येत नाही, आणि डबा बिघडला तर त्याच मापाचा दुसरा शोधत बसावं लागतं. गिटारमध्ये डबा आधीपासून असेलच, तर पूर्ण बदलण्याआधी फक्त आतली पिझोची कांडी बदलून बघा. ती बहुधा २.५ मिलिमीटरच्या छोट्या पिननं डब्याला जोडलेली असते. खाच सपाट करून बरी कांडी घातली की त्याच डब्यातून पुष्कळ सुधारलेला आवाज येतो.

पिकअपवर हजारो रुपये घालून आवाज पत्र्यासारखा येतो, त्याचं सगळ्यात मोठं कारण मात्र गिटारच्या बाहेर असतं. पिझो हा विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर आहे. तो ज्या इनपुटमध्ये लावता त्याच्या इम्पिडन्सबरोबर (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात) मिळून खालचे सूर गाळणारी चाळणी बनते. हिशेब साधा आहे. पट्टीची कपॅसिटन्स १ नॅनोफॅरड धरा. १० किलोओहमच्या लाइन इनपुटमध्ये ही चाळणी सुमारे १६,००० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरवायला लागते. म्हणजे उरते ती फक्त खरखर. १ मेगाओहमला ती १६० हर्ट्झवर येते, आणि १० मेगाओहमला १६ हर्ट्झवर. गिटारची सहावी तार मोकळी वाजली की ८२ हर्ट्झ. म्हणजे १ मेगाओहमवरसुद्धा अशा पट्टीचा खालचा सूर निम्म्याहून खाली येतो, १० मेगाओहमवर तो पूर्ण मिळतो. भजनी मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरचं माईकचं इनपुट तर काही हजार ओहमचंच असतं. तिथे बॅटरी नसलेला पिझो थेट लावला की गिटार डब्यात खडे हलवल्यासारखी वाजते, आणि दोष पिकअपला मिळतो. तशी वेळ आलीच तर निदान ‘ऑक्स’मध्ये लावा, त्याचा इम्पिडन्स सहसा माईकपेक्षा पुष्कळ जास्त असतो. अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवर किंवा माहितीपत्रकात प्रत्येक इनपुटचे ओहम दिलेले असतात, तेवढे वाचून घ्या.

केबलचंही तसंच. चांगल्या केबलची कपॅसिटन्स मीटरला साधारण १०० पिकोफॅरड. ६ मीटर म्हणजे ६००. वरच्या १ नॅनोफॅरडच्या पट्टीला ती जोडली तर आवाज चार-एक डेसिबलनं उतरतो. तिखटपणा जात नाही, ताकद जाते. म्हणून बॅटरीविना पिझो असेल तर गिटारपासून प्रीअँपपर्यंतची, म्हणजे पिकअपचा कमजोर सिग्नल ताकदवान करणाऱ्या पेटीपर्यंतची, केबल ३ मीटरपेक्षा लांब नको. प्रीअँपपुढे मात्र कितीही न्या.

हे सगळं समजलं की ब्रिजप्लेटचे पिकअप का इतके भाव खातात ते कळतं. ब्रिजप्लेट म्हणजे ब्रिजच्या बरोबर खाली, आतून बसवलेली लाकडी फळी. के अँड के प्युअर मिनीमध्ये तीन छोट्या गोल चकत्या असतात आणि त्या या फळीला थेट चिकटवतात. सॅडल, खाच, दाब यांच्याशी त्यांचा संबंधच नाही. त्या पाटीचं हलणं ऐकतात, म्हणून आवाजात लाकूड येतं, बोटाचा गुबगुबीत स्पर्श येतो, पाटीवर थाप मारली तर थाप येते. बॅटरी नाही, गिटारवर कुठे बटण नाही, आणि १ मेगाओहमचं इनपुट याला पुरतं. शांत सभागृहात किंवा जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहासारख्या मंचावर दोन-तीन माणसांची बैठक असेल, तर पैशाच्या मानानं याच्याइतका खरा आवाज देणारं दुसरं काही नाही.

खोट दोन आहेत. पाटी ऐकतो म्हणून पाटी थरथरली की हाही शिट्टी मारतो, आणि खालच्या सुरांत गुमगुमतो. मिक्सरवर १५० ते २५० हर्ट्झमध्ये ३ ते ६ डेसिबल उतरवल्याशिवाय तो बसत नाही. दुसरी खोट: तो गिटार लपवत नाही. यामाहा एफ३१० सारख्या प्लायच्या पाटीच्या गिटारला लावला तर प्लायचाच आवाज मोठा होऊन येईल. वाईट नाही, पण महागड्या गिटारचा येणार नाही. अशा गिटारला एलिमेंट जास्त शोभतो.

चिकटवताना लोक दोन चुका करतात. पातळ फेविक्विक ओततात. ते उलट्या फळीवरून ओघळतं, चकतीखाली पोकळी राहते, आणि त्या पोकळीचा आवाज कुबट येतो. त्याच जातीचा पण जेल स्वरूपातला डिंक घ्या, चकतीवर पातळ थर द्या आणि अर्धा मिनिट दाबून धरा. दुसरी चूक, डबल टेप किंवा मऊ पुट्टी कायमची ठेवणं. ती थरथर गिळते आणि वरचे सूर बोथट होतात. मात्र जागा शोधायला पुट्टीच वापरा. चकत्या सॅडलच्या रेषेखाली, पहिली-दुसरी, तिसरी-चौथी आणि पाचवी-सहावी तारांच्या मधे येतील अशा आधी तात्पुरत्या लावा, सगळ्या तारा ऐका, एखादी दबत असेल तर चकती दोन-तीन मिलिमीटर सरकवा, मगच डिंक. तारेच्या टोकाचा मणी चकतीला टेकता कामा नये, नाहीतर दर वेळी कर्र होतं. जुन्या गिटारच्या फळीवर मण्यांनी खड्डे पाडलेले असतील तर आधी ते भरून सपाट करून घ्या. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्याकडे हे काम नीट होतं, हत्यारं त्याच्याकडे असतात. फक्त साउंडहोलमधून हात घालायची सवय नसते, तेवढा वेळ त्याला द्या.

एल. आर. बॅग्जचा हायफाय हाही ब्रिजप्लेटवरच बसतो, पण चिकटपट्टीसकट येतो, जागा धरायचं साधन पेटीत असतं आणि प्रीअँप आतच, ९ व्होल्टच्या बॅटरीवर. मिक्सर कुठला मिळेल याचा भरवसा नसलेल्याला हा प्युअर मिनीपेक्षा सोयीचा. नुसती कल्पना पडताळायची असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात बझरची २७ मिलिमीटरची पिझो चकती काही रुपयांत मिळते. ती पुट्टीनं ब्रिजवर लावून ऐका. गुणगुण येईल, कारण तिला आवरण नसतं. पण पाटीचा आवाज कसा असतो ते कळेल.

साउंडहोलमधला मॅग्नेटिक पिकअप हा ऑर्केस्ट्राचा. एल. आर. बॅग्ज एम८०, फिशमन रेअर अर्थ वगैरे. छिद्र न पाडता बसतो, मोठ्या आवाजाला डगमगत नाही, आणि काम झालं की काढून ठेवता येतो. नैसर्गिक मात्र म्हणवत नाही. आवाज गोड पण थोडा इलेक्ट्रिक गिटारकडे झुकलेला. एम८० पाटीचीही थरथर टिपतो, म्हणून तो त्यातल्या त्यात खरा. ध्यानात ठेवायची गोष्ट तारांची. चुंबकाला पोलाद ऐकू येतं, कांसं नाही. जाड तारांवरचं फॉस्फर ब्राँझचं वेटोळं त्याच्या लेखी नसतंच, फक्त आतला पोलादी गाभा असतो. म्हणून पहिली आणि दुसरी तार बोंबलतात, बाकीच्या मागे राहतात. ज्या पिकअपवर स्क्रू आहेत त्यात त्या दोन तारांखालचे स्क्रू खाली करा. नायलॉनच्या तारांच्या गिटारला हा प्रकार लागूच नाही. स्वस्तातले एका कॉइलचे क्लिपवाले घेऊ नका. मांडवातल्या दिव्यांच्या माळा आणि डिमर यांची सगळी ५० हर्ट्झची घरघर त्यातून ऐकू येते.

माईक आणि पिझो एकत्र असलेला एल. आर. बॅग्ज अँथम या सगळ्यांत वरचा, किमतीतही. सुमारे २५० हर्ट्झच्या खालचं काम सॅडलखालची पट्टी करते, वरचं आतला छोटा माईक. काड्यांवरच्या भरताच्या सगळ्यात जवळ जाणारा हाच. पण गरब्याच्या रात्री त्याचा माईक बंदच ठेवावा लागणार असेल, तर पैसे एलिमेंटचे द्या, अँथमचे नको.

पैशांची उतरंड साधारण अशी: सगळ्यात खाली चकती आणि क्लिपवाले, त्यावर प्युअर मिनी, मग एलिमेंट आणि मॅट्रिक्स, मग हायफाय आणि एम८०, शेवटी अँथम. पण प्युअर मिनी घेताना बाहेरच्या प्रीअँपचा खर्च त्यातच धरा. एल. आर. बॅग्ज पॅरा डीआय हा त्याचा जुना जोडीदार: १० मेगाओहमचं इनपुट, फिरता नॉच (सुरांची एकच अरुंद पट्टी खाली करायची सोय), फेज (आवाजाच्या लाटेची दिशा) उलटवायचं बटण, ९ व्होल्टवर किंवा मिक्सरच्या ४८ व्होल्टवर चालतो. दोन्ही मिळून बिल अँथमच्या जवळ जातं किंवा पुढे. साधा पॅसिव्ह डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जोडायची, वीज न लागणारी पेटी) घेऊन पैसे वाचवू नका. त्याचा इम्पिडन्स लाख-दीड लाख ओहमच्या घरात असतो, म्हणजे वरचा हिशेब पुन्हा तिथेच.

जॅकसाठी गिटारच्या बुडाशी १२ मिलिमीटरच्या आसपासचं छिद्र लागतं. भिंतीला लावतात तसा ड्रिल थेट घातला तर आतला ठोकळा फाटतो. आधी बुडाचं बटण काढा, मास्किंग टेप लावा, हातानं फिरवायच्या निमुळत्या रीमरनं किंवा पायरीच्या बिटनं हळूहळू वाढवा. आतली वायर क्लिपांनी बांधा. सुटी राहिली तर ठरावीक सुरावर टरटर करते आणि लोक आठवडाभर फ्रेट तपासत बसतात. बॅटरीच्या पिकअपमध्ये जॅक स्टिरिओ असतो, कारण पिन घातल्यावर तिचाच स्विच बनतो. त्यात मोनो केबलच लावायची. स्टिरिओ केबल लावली तर काही पिकअप चालूच होत नाहीत. आणि वाजवून झालं की पिन काढा, नाहीतर बॅटरी विनाकारण संपत राहते.

आता खान्देशातलं ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ ओलांडतो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत त्याहून पुष्कळ वर जातो. एवढ्या तापमानात ब्रिजचा सरस सरकायला लागतो, चिकटपट्टीवर बसवलेले सेन्सर ढिले पडतात आणि बॅटरी पाझरते. कोरड्या हवेत सलग लाकडाची पाटी आत बसते, पावसाळ्यात फुगते. दोन्ही वेळा खाचेचा तळ किंचित वळतो, म्हणून उन्हाळ्यात नीट बसवलेली पट्टी ऑगस्टमध्ये एखादी तार गिळू शकते. पिकअप बदलण्याआधी सॅडल काढून परत बसवा, तारा सुरात आणा आणि एक दिवस थांबा.

शिट्टी वाजली तर आवाज कमी करणं हा शेवटचा उपाय. गिटारच्या पोटातल्या हवेचा स्वतःचा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो, पाटीचा २०० च्या. घुमणं बहुतेक या दोन जागी सुरू होतं. आधी फेजचं बटण उलटवून बघा, फुकटचा उपाय आहे. मग साउंडहोलमध्ये रबरी झाकण. मग नॉच: अरुंद पट्टी ६ डेसिबल वाढवून हळू फिरवा, जिथे घुमायला लागेल तिथेच ती तेवढीच खाली करा. ८० हर्ट्झच्या खालचं सगळं कापून टाका, तिथे गिटार नाही, फक्त मंचावरचे पाय आणि जनरेटर आहे. क्वॅक टोचत असेल तर १.५ ते ३ किलोहर्ट्झमध्ये दोन-तीन डेसिबल उतरवा. ट्रेबल कमी करून क्वॅक जात नाही, गिटार फक्त मुकी होते.

कारागिराकडून गिटार परत घेताना पैसे देण्याआधी त्याच्याच दुकानात लावून बघा. एकेक तार मोकळी, सारख्या जोरात छेडा. कमीजास्त वाटलं तर सॅडलखालची फट. मग तारा हातानं दाबून धरून आवाज चढवा: गुणगुण आली आणि जॅकच्या धातूला बोट लावल्यावर थांबली तर अर्थची वायर सुटलेली किंवा आवरण अर्धवट. पिन जॅकमध्ये हलवा. खरखरलं तर सोल्डर थंड लागलेलं, ते कोणताही अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा पाच मिनिटांत पुन्हा लावून देतो. ९ व्होल्टची बॅटरी मीटरनं मोजा: साडेसातच्या खाली असेल तर जोरात वाजवल्यावर येणारी फाटकी खरखर तिचीच. शेवटी बुडाचा पट्ट्याचा बटण ओढून बघा. जॅकची नट सैल असेल तर जॅक फिरतो, त्याबरोबर आतली वायर पीळ खाते आणि ऐन कार्यक्रमात तुटते.